पाकिटातले नशीब आणि वहीतला संग्रह

शाळेजवळच्या कोणत्याही किराणा दुकानात किंवा टपरीवर पाहा. दाराशी टांगलेल्या रंगीत पाकिटांच्या माळा दिसतील. जालना शहर असो, अंबड-परतूर असो की एखादे लहान गाव असो, शाळा सुटली की मुलांची तिथे झुंबड उडते. पाच-दहा रुपयांच्या पाकिटात खेळाडूंची किंवा पोकेमॉनची कार्डे असतात. घरी आई विचारते, "कागदावर पैसे कशाला घालवतोस?" मुलगा म्हणतो, "पुढे याचे लाख रुपये होतील." या दोघांच्या मध्ये बसून आज आम्हाला थोडे बोलायचे आहे.

हा नाद आजचा नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. त्यातल्या खेळाडूंची चित्रे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटात घालत, पुढे बबलगमसोबत देऊ लागले. आपल्याकडे बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यांवर धावा आणि बळी छापलेले असत आणि पोरे ते जमवत. त्यानंतर कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे आली. आज आईबाप झालेल्या अनेकांनी ती दप्तरात लपवली असतील.

लाख रुपयांची गोष्टही अगदी खोटी नाही. मिकी मँटल या खेळाडूचे टॉप्स कंपनीचे १९५२ चे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. पण एवढी किंमत का आली? त्या वर्षीची न खपलेली कार्डे आपण समुद्रात बुडवली, असे कंपनीचेच साय बर्जर यांनी सांगितले होते. बाकीची पोरांनी खेळून फाडली. चांगल्या स्थितीतली फार थोडी उरली, म्हणून ती महाग झाली. ते पाहून १९८० नंतर लोकांनी खोकीच्या खोकी जपून ठेवली आणि कंपन्यांनीही बेसुमार छापली. आज त्यातल्या बहुतेक कार्डांना कोणी विचारत नाही. जे सगळ्यांनीच जपले, ते दुर्मिळ होणार कसे?

आता पाकिटाचा हिशोब मांडू. समजा, संच पन्नास कार्डांचा आहे, पाच रुपयांच्या पाकिटात एकच कार्ड निघते आणि सगळी कार्डे सारख्याच संख्येने छापली आहेत. पहिली पंचवीस वेगळी कार्डे सरासरी ३४ पाकिटांत मिळतात. मुलाला वाटते, आणखी तेवढीच घेतली की झाले! पण पुढे तीच तीच कार्डे निघू लागतात. सगळी पन्नास जमवायला सरासरी २२५ पाकिटे लागतात, म्हणजे ११२५ रुपये. शेवटच्या एका कार्डासाठीच सरासरी ५० पाकिटे, म्हणजे २५० रुपये जातात. काही कार्डे मुद्दाम कमी छापली असतील, तर खर्च याहूनही वाढतो. कापूस वेचून किंवा सळईच्या कारखान्यात पाळी करून आणलेला पैसा असा पाच-पाच रुपयांनी जातो आणि घरात कोणाला कळतही नाही. बंद पाकीट घेणे ही सोडतच आहे, हे मुलाला समजले पाहिजे.

म्हणून कार्डे चुलीत घालू नका. संग्रह करणे ही चांगली सवय आहे. त्यातून मूल नीटनेटकेपणा शिकते, आकडे वाचते, नावे पाठ करते. आठवड्याला किती पैसे द्यायचे ते आधी ठरवा आणि वरचा हिशोब त्याच्याच वहीत त्याच्याकडून मांडून घ्या. दुबार निघालेली कार्डे मित्रांत बदलू द्या. चार-पाच मुलांनी मिळून अदलाबदल केली, तर प्रत्येकाला पाकिटे बरीच कमी लागतात. आणि "विकून श्रीमंत होशील" ही आशा मात्र लावू नका.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोणाचे चित्र छापायचे, हे छापणारा ठरवतो. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत अमेरिकेच्या बड्या बेसबॉल संघांत कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. साहजिकच त्या संघांच्या कार्डांतही त्यांचे चेहरे नव्हते. मग जे पाकिटात मिळत नाही, ते आपण घरी का करू नये? जुन्या वहीचा पुठ्ठा, कात्री, रंग एवढे पुरे.

पहिले कार्ड पालवणकर बाळूंचे करा. चर्मकार समाजातल्या या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तेही मागच्या बाजूला लिहा, कारण संग्रहात गोष्ट पुरी हवी. दुसरे कार्ड आपल्या जालन्याच्या विजय झोलचे. २०११ च्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा, आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे कर्णधारपद!

तिसरे कार्ड कोणाचे करायचे, ते मुलांनाच शोधू द्या. गावच्या कबड्डी संघातल्या एखाद्या मुलीचे असले, तर फारच उत्तम.