विकतचा प्रोजेक्ट

परवा शनिवारी मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी घरी आली. बी.एस्सी.ला आहे. म्हणाली, "काका, प्रोटीन फोल्डिंगवर प्रोजेक्ट करायचाय. एक जण दोन हजारांत तयार करून देतोय. घेऊ का?"

आता बोला! अहो, ज्या विषयाची सगळी सामग्री फुकट मिळते, त्याला दोन हजार?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती दुमडून जो आकार घेते, त्यावर तिचं काम ठरतं. ही माळ कोणत्या कोनांत वळू शकते, याचा नकाशा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 साली मांडला. प्रोटीन डेटा बँक 1971 पासून चालू आहे. 2022 मध्ये अल्फाफोल्डने वीस कोटींहून जास्त अंदाजित रचना सर्वांना खुल्या केल्या. त्या कामाला 2024 चं नोबेलही मिळालं.

"मग आता उरलं काय?" तिचा रास्त प्रश्न. बरंच उरलंय. अल्फाफोल्ड शेवटचा आकार सांगतो. माळ तिथवर पोचते कशी आणि वाटेत बिघडते कुठे, हे अजून प्रयोगानेच शोधावं लागतं.

मग मी तिला स्क्रीनवर हिमोग्लोबिन दाखवलं. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल. आमच्या कोडमध्ये एक अक्षर चुकावं तसं! नंदुरबार-गडचिरोलीत किती घरं हे भोगतात. पोरगी तासभर हलली नाही.

पण कॉम्प्युटर म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं प्रयोगशाळेत, "हे कशावरून?" असं विचारणाऱ्या माणसाजवळ बसून शिकायचं असतं. त्याचीही सोय आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम आहे, देशातल्या तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची फेलोशिप आहे. वर विद्यावेतनही मिळतं. फक्त अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरायचा असतो, आणि नेमकं हेच आपल्याकडच्या मुलांना कोणी वेळेवर सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कॉलेजांनी प्रोजेक्टच्या बाइंडिंगला मार्क देण्याऐवजी मुलांकडून असा एक तरी अर्ज भरून घ्यावा. नाही झाली निवड, तरी "मला काय शोधायचंय" हे एक पानभर स्वतःच्या शब्दांत लिहिणं तर होईल!

तिचे बाबा म्हणाले, "त्यापेक्षा एखादा क्लास लावू दे." त्यांचंही चूक नाही, नोकरीची काळजी असतेच. पण दोन महिन्यांनी नोकरी कुठे पळून जाते का हो?

असो. दोन हजार तरी वाचले. अर्जाचं पान ती स्वतःच लिहितेय.