टाक्यांनंतरचा ताप



जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला बायकांच्या बैठकीत बसले होते. विषय रेशनचा चालला होता. मध्येच एक बाई म्हणाली, "ताई, माझी भावजय टाक्याच्या ऑपरेशननंतर गेली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, पोट फुगलं. विचारायला गेलो तर म्हणाले, टाके ओले आहेत, दुखणारच. पाचव्या दिवशी बरळायला लागली. गाडी मिळेपर्यंत संपली." घरच्यांनी नशिबाला बोल लावला. मला ते पटलं नाही.

याला सेप्सिस म्हणतात. जखमेतला किंवा पोटातला जंतुसंसर्ग वाढतो, त्याच्याशी लढताना शरीराचा तोल जातो आणि मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू निकामी होऊ लागतात. वेळेत ओळखलं तर बाई वाचू शकते. उशीर झाला तर तासातासाने धोका वाढतो.

खबरदारी ऑपरेशनच्या आधीच सुरू व्हायला हवी. पहिला प्रश्न, हे ऑपरेशन हवंच आहे का? 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला, तेव्हा कळलं की हा प्रश्न कितीजणींसाठी कुणी विचारलाच नव्हता. त्यानंतर तपासणी. नसबंदीसाठी केंद्र सरकारने 2006 साली मानकं ठरवली. नाडी, रक्तदाब, छाती आणि पोट तपासायचं, लघवीत साखर व प्रथिनं पाहायची, हिमोग्लोबिन किमान 7 हवं. ताप किंवा संसर्ग असेल तर ऑपरेशन पुढे ढकलायचं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बाया घरोघरी आहेत, तरी रांगेत उभ्या केलेल्या बाईला हे सगळं मिळतं का?

रांग लावली की काय होतं ते देशाने पाहिलं आहे. 2012 च्या जानेवारीत बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत एकाच डॉक्टरने सुमारे दोन तासांत 53 बायकांची नसबंदी केली. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच डॉक्टरने एका दिवसात 83 ऑपरेशनं केली. तिथल्या शिबिरांनंतर 13 जणी दगावल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर 14 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. 1996 साली कुटुंबनियोजनाची टार्गेटं कागदावरून गेली. मनातून ती जायला किती वर्षं लागावीत?

ऑपरेशननंतर घरी आलेल्या बाईकडे गटातल्या कुणीतरी रोज जाऊन यावं. ताप किंवा उलट अंग थंडगार, धाप, नाडी जोरात, लघवी कमी, पोट ताठ किंवा फुगलेलं, जखमेतून पू, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा, ऑपरेशनचा कागद बरोबर घ्यायचा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "हा सेप्सिस तर नाही ना?" अशा रुग्णाचा रक्तदाब, श्वास आणि लघवी मोजायला हवी, रक्त तपासणीला जायला हवं, पहिलं अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात, शिरेतून द्यायला हवं, सलाईन लावायला हवं. पोटात पू असेल तर तो काढावाच लागतो. तिथे सोय नसेल तर उपचार सुरू करून मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं. नुसती तापाची गोळी देऊन घरी धाडणं हा उपचार नव्हे.

आपल्याला दुखणं अंगावर काढायला लहानपणापासून शिकवलं जातं. घरात सून कण्हली तर नाटक, दवाखान्यात कण्हली तर कटकट. त्यात पुरुषाची नसबंदी पोट न उघडता होते, तरी टाके पडतात ते बाईच्याच पोटावर. निदान तिला ताप आला तर तिचं ऐकून तरी घ्या.

बैठक संपताना त्या बाईने विचारलं, "हे आम्हाला तवाच कुणी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीत हा अंक मोठ्याने वाचा. तिच्यासारखा प्रश्न दुसरीला विचारावा लागू नये.