आवरा या 'बाय'ला!

कोकणात लाडक्या लेकीला 'बाय' म्हणतात. ती बाय गुणाची. माझं भांडण आहे ते इंग्रजीतल्या 'बाय'शी. 'बायवीकली', 'बायमंथली' या शब्दांच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी असते ना, तीच!

आमच्या बँकेत आकड्याला एकच अर्थ असतो. 'हे पाचही असतील, वीसही असतील' असं म्हणणाऱ्या कॅशिअरला संध्याकाळपर्यंत घरी पाठवतील. या बायला मात्र कोणी जाब विचारत नाही. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा, आणि बायवीकली म्हणजेच दोन आठवड्यांतून एकदा! ऑक्सफर्ड उघडा नाहीतर वेबस्टर. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेले, भांडण झालेल्या भावांसारखे.

आता हिशेब करू. पहिला अर्थ घेतला तर वर्षाला १०४ वेळा, दुसरा घेतला तर २६. बायमंथलीचं तेच, २४ किंवा ६. सरळ चौपट फरक! एवढी तफावत माझ्या लेजरात निघाली असती तर इन्स्पेक्टरने माझी काय गत केली असती?

तरीही मी गप्प बसलो असतो. पण गेल्या वर्षी आईच्या इंजेक्शनच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'बायवीकली' लिहिलं. औषधवाला म्हणाला, "आठवड्यातून दोन." शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "छे हो, दोन आठवड्यांतून एक." आई म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत मी चहा घेते." शेवटी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "दोन आठवड्यांतून एक, ऑब्व्हियसली!" त्या 'ऑब्व्हियसली'ने माझं डोकं फिरलं. मी फोन केला नसता तर ती चौपट कोणाच्या दंडात गेली असती? डॉक्टरांच्या तर नक्कीच नाही.

आमची रिझर्व्ह बँकसुद्धा २०१४ पासून पतधोरण 'बायमंथली' जाहीर करते. म्हणजे दर दोन महिन्यांनी, हे आम्ही अनुभवाने शिकलो. मराठीत 'द्वैमासिक' म्हटलं की संपलं! पाक्षिकाचा वर्गणीदार आठवड्याला दोन अंक मागत भांडायला आला, असं ऐकलंय कधी? विलायतेत तर 'फोर्टनाइटली' हा चांगला घरचा शब्द आहे. तरी ही बाय हवीच!

हे सगळं तावातावाने घरी ऐकवलं. सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आणि आपलं 'परवा' हो? ते मागेही जातं आणि पुढेही."

मी क्षणभर गडबडलो. मग म्हणालो, "पण क्रियापद असतं ना! परवा गेलो, परवा जाईन."

"असं होय? मग 'नळवाला परवा' एवढंच बोलून सटकलात, त्याचं क्रियापद कुठे आहे?"

नळ अजून गळतोय, म्हणून तो वाद मी वाढवला नाही. पण माझा मुद्दा तिनेच पक्का केला. बोलणाऱ्याला निदान उलटून विचारता येतं; चिठ्ठीला विचारता येत नाही. तेव्हा डॉक्टरसाहेब, साहेबलोक आणि परिपत्रकं काढणारी समस्त मंडळी, चार अक्षरं जास्त लिहा. 'आठवड्यातून दोनदा' लिहा, नाहीतर 'दोन आठवड्यांतून एकदा' लिहा. शाईचा खर्च हवा तर माझ्या खात्यावर टाका.

दरमहा हं. बायमंथली नको!