दर सहा तासांनी व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआउट: सांगली-साताऱ्यातल्या छोट्या ऑफिसचं काय?

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी असो, तासगावचा बेदाणा व्यापारी असो की सातारा एमआयडीसीतला छोटा कारखाना. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सकाळी उघडलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब रात्रीपर्यंत सुरूच असतं. मालाचे फोटो, दर, बिलं, गाडी नंबर सगळं तिथूनच जातं. केंद्राच्या एका आदेशामुळे ही सवय बदलावी लागणार आहे.

नेमका आदेश काय?

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई यांच्यासह काही मेसेजिंग अ‍ॅप्सना निर्देश दिले. ज्या सिमवर खातं उघडलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं, आणि वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉगआउट व्हावी. पुन्हा सुरू करायला क्यूआर कोड स्कॅन करायचा. यासाठी कंपन्यांना ९० दिवसांची मुदत दिली होती.

सरकारचं कारण काय?

सिम काढलं किंवा बंद झालं तरी खातं चालू राहतं. परदेशात बसलेले ठग याचाच वापर करून 'डिजिटल अरेस्ट'सारखी फसवणूक करतात, असं सरकार म्हणतं. २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत २२,८०० कोटींहून जास्त रुपये गेल्याचं सरकारनेच सांगितलंय.

मग अडचण कुठे?

सध्या व्हॉट्सअ‍ॅप चार जोडलेल्या उपकरणांवर चालतं आणि मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती लॉगआउट होतात. १४ दिवसांवरून थेट सहा तास! साडेनऊला सुरू केलेलं सेशन साडेतीनला बंद होणार. नंबर मालकाच्या फोनमध्ये, आणि मालक सौद्याला किंवा मुंबईला गेलेले. ऑपरेटरने क्यूआर कोड स्कॅन करायचा कशाने?

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आठ अक्षरी कोडने उपकरण जोडायचीही सोय आहे. म्हणजे ऑपरेटर फोनवर कोड सांगेल आणि मालक तो टाकतील. खरा धोका इथेच आहे. कुणीतरी सांगितलेला कोड आपल्या फोनमध्ये टाकायला लावून खातं ताब्यात घेणं, ही ठगांची ओळखीची युक्ती. रोज असे कोड टाकायची सवय लागली, तर खोटा कोड ओळखणार कोण?

मग लॉगआउट नकोच का?

तसंही नाही. ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे ग्राहकांचे नंबर आणि बँकेचे तपशील कुणाच्याही हाती. स्लॅकसारख्या ऑफिससाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये सेशन किती वेळ चालावं, हे कंपनीचा अ‍ॅडमिन ठरवतो. छोट्या ऑफिसमध्ये अ‍ॅडमिन नसतो. तिथे मालकाचा फोन हाच अ‍ॅडमिन.

आत्ताच काय करता येईल?

• धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि तो फोन ऑफिसातच ठेवा.
• 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी उपकरणं काढून टाका.
• नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा कॉम्प्युटर त्याच दिवशी लॉगआउट करा.
• आपण स्वतः मागितलेला नसेल, तर कोणताही कोड फोनमध्ये टाकू नका.

ठगांना रोखायचा नियम हवाच. पण सहा तासांचं घड्याळ ठग आणि हळदीचा व्यापारी यांच्यात फरक करत नाही.