समुपदेशकाच्या खुर्चीत कोण बसतं?

होळी आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीचे फोटो पेपरात येतात. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते, प्रचंड गर्दी होते. त्या गर्दीतल्या घुमणाऱ्या बाया आणि दोरीला धरून आणलेली माणसं कॅमेऱ्याला बरोबर सापडतात. मग स्टाफरूममध्ये ठरलेली चर्चा. "सर, तुमच्या लोकांना सांगा ना डॉक्टरकडे जायला!" सैलानीला सगळ्या जातीधर्मांचे लोक येतात, हे सांगणं मी आता सोडून दिलंय. मी फक्त विचारतो, कोणत्या डॉक्टरकडे?

या प्रश्नामागे एक मुलगी आहे. आठवीत होती. वर्गात दोनदा चक्कर येऊन पडली. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, म्हणून मीच तिच्या अम्मीला समजावून दोघींना शहरातल्या एका समुपदेशकाकडे नेलं. माणूस सज्जन होता. त्याने छापील फॉर्म काढून विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत तुला किती वेळा निरुत्साही वाटलं?" उर्दू माध्यमातली ती पोर 'निरुत्साही' शब्दावरच अडली आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना "नाही" म्हणत गेली. अम्मी सांगत होती, "इसका जी घबराता, रात को दिल बैठ जाता." त्याने ते हृदयाचं दुखणं समजून पुन्हा फिजिशियनकडे जायला सांगितलं. शेवटी विचारलं, "घरी बुरख्याची सक्ती आहे का?" अम्मी जी गप्प झाली ती झालीच. त्या दोघी परत गेल्या नाहीत.

पुढे आमच्या एका बाईंजवळ ती मुलगी बोलली. अब्बा कामासाठी परगावी होते. दर आठवड्याला फायनान्सवाले हप्त्यासाठी दारात येऊन ओरडायचे, आणि "अम्मी घरी नाही" असं खोटं सांगायला हिला पुढे करायचे. त्या दिवसाच्या आदल्या रात्री तिचं 'दिल बैठायचं'. बुरख्याचा काही संबंध नव्हता.

लोक म्हणतात, मानसशास्त्र हे शास्त्र आहे, त्यात धर्म-भाषा कशाला आणता? मलेरियाची गोळी सगळ्यांना एकच असते. असते ना! पण मलेरिया रक्ताच्या थेंबात दिसतो. उदासीचं निदान बहुतेक बोलण्यातूनच करावं लागतं. ते बोलणंच कळलं नाही तर तपासणी झाली असं कसं म्हणायचं?

आता त्या खुर्चीपर्यंत पोचतं कोण ते बघा. कायद्याच्या व्याख्येतला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता लागते. जागा मोजक्या, शिक्षण इंग्रजीत, संस्था मोठ्या शहरांत. मेहकरच्या हमालाची मुलगी किंवा संग्रामपूरचा कोरकू मुलगा या वाटेवर किती पुढे जाईल? सुधीर कक्कर आधी इंजिनियर होते, मग फ्रँकफर्टला मनोविश्लेषण शिकले, आणि तरी दिल्लीच्या एका दर्ग्यात पीराजवळ बसून लोक तिथे का येतात हे समजून घेतलं. १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे बाहेरच्या माणसालाही हे जमतं, पण त्यासाठी बसावं लागतं, ऐकावं लागतं. ते अभ्यासक्रमाने शिकवायचं सोडून एखाद्याच्या हौसेवर टाकलेलं आहे.

मुसलमान पेशंटला मुसलमानच समुपदेशक हवा, असं मी म्हणत नाही. उलट आपल्यातल्याला सांगितलं की मोहल्लाभर होईल, अशी भीती पुष्कळांना असते. माझं मागणं एवढंच, की समोरच्याला माझी बोली कळावी, आणि माझ्या घराबद्दल त्याने आधीच मत बनवलेलं नसावं.

हे मागणं जास्तीचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळाले पाहिजेत, आणि उपचारांची माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. आणि हे अशक्यही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पाने ३० खेड्यांत स्थानिक माणसांनाच प्रशिक्षण देऊन कामाला लावलं, गरजेप्रमाणे वर तज्ज्ञ होतेच. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' कार्यक्रमात मानसोपचार दर्ग्याच्या आवारातच मिळू लागले, आणि मुजावरच पेशंटला तिकडे पाठवू लागले. कुणाची श्रद्धा मोडावी लागली नाही.

आता थोडं आपल्या लोकांशी. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळीने बांधलेले होते, पळणार कुठे? दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या अशाच एका ठिकाणी ते ठेवलेले होते. २०१७ च्या कायद्याने साखळीला बंदी घातली, पण आपल्याला कायद्याची वाट का बघावी लागली? आजारावर इलाज करा, ही आपल्या नबींची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराचे आणि मनाचे आजार एकाच ग्रंथात शेजारी मांडले होते. त्यांचं नाव भाषणात घ्यायचं, आणि घरात पोरगी कोमेजली की "असर है" म्हणून रिश्ता तुटू नये यासाठी कोंडून ठेवायचं! हुशार मुलांना डॉक्टर करायचं, नाहीतर डी.एड., बी.एड. मानसशास्त्राकडे पाठवलेलं मूल आपल्या मोहल्ल्यात किती आहेत, मोजा.

मीही त्यातलाच. बी.एड.ला पियाजे आणि स्किनर पाठ करून मार्क घेतले. रडणाऱ्या मुलाशेजारी कसं बसायचं, हे ना कुणी शिकवलं, ना मी विचारलं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात माणसं नेमताना उर्दू, गोरमाटी, कोरकू येणाऱ्यांना प्राधान्य द्या. उर्दू कनिष्ठ महाविद्यालयांत मानसशास्त्र विषय सुरू करा. डी.एड. करून घरी बसलेल्या मुलींना समुपदेशनाचं प्रशिक्षण द्या, मानधन द्या. सैलानीला दवा आणि दुआ जत्रेपुरती नको, वर्षभर शेजारी हवी.

हे होईपर्यंत स्टाफरूममधल्या मित्रांनी मला उपदेश करायचा तर जरूर करावा. पण "डॉक्टरकडे जा" म्हणताना डॉक्टरचा पत्ताही द्यावा. तिथे "जी घबराता" कळतं का, हे मी आधी फोन करून विचारीन.