गिंझातील स्वस्त बशी

तोकिओच्या गिंझा भागात फिरत्या पट्ट्यावरची स्वस्त सुशी मिळते, ही गोष्ट वरवर पाहता अग्रलेखाच्या पानावर येण्याजोगी नव्हे. परंतु शहराच्या सर्वांत महागड्या वस्तीत सामान्य मिळकतीच्या माणसाला न ओशाळता बसून जेवता येते की नाही, हा प्रश्न केवळ जिभेच्या चोचल्यांचा खासच नाही.

१६१२ मध्ये येथे चांदीची टाकसाळ आली आणि तिच्यावरूनच या वस्तीला गिंझा हे नाव पडले. आज जपानमधील सर्वांत महाग जमीन याच परिसरात आहे. जिरो ओनो यांचे जगप्रसिद्ध सुशीचे दुकान येथल्याच एका तळघरात आहे. २०१४ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना तेथे जेवायला नेले होते. अशा अनेक दुकानांतून दरपत्रक लावण्याची पद्धत नसते. मासळीचा त्या दिवसाचा बाजारभाव तीच किंमत, आणि ती कळायची जेवण आटोपल्यावर. ज्याला किंमत विचारावी लागते त्याने आत येऊच नये, असा हा न बोलता दिलेला इशारा असतो. आपल्याकडील कारकुनाला वा शिक्षकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

वास्तविक सुशीचा जन्म असल्या ऐटीत झालेला नाही. शिरका लावलेल्या भाताच्या मुटक्यावर मासळीचा तुकडा, हे तिचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकातल्या एदो शहरात, म्हणजे जुन्या तोकिओतच, रस्त्यावरच्या गाड्यांवर प्रचलित झाले. घाईत असलेल्या कष्टकऱ्याने उभ्या उभ्या तोंडात टाकावा असा तो पदार्थ होता. पुढे तो दिवाणखान्यात गेला आणि ज्यांचा होता त्यांनाच दुर्मीळ झाला.

त्याला पुन्हा खाली आणले ते योशिआकी शिराइशी या ओसाकाकडील दुकानदाराने. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक होते, पण हात कमी पडत. बीअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्याला युक्ती सुचली आणि १९५८ मध्ये त्याने पहिले फिरते सुशीगृह उघडले. पट्ट्याचा वेग त्याने सेकंदाला सुमारे आठ सेंटिमीटर ठेवला. त्याहून मंद असेल तर खाणारा कंटाळतो, जलद असेल तर बिचकतो. १९७० च्या ओसाका प्रदर्शनानंतर ही कल्पना देशभर पसरली. (पट्ट्यावर काकडीची सुशीही फिरते, शाकाहारी वाचकांनी अगदीच निराश होऊ नये.)

रसिक मंडळी या दुकानांना नाके मुरडतात. भाताचे मुटके यंत्राने वळलेले, मासळी गोठवलेली, कारागिराची वर्षानुवर्षांची उमेदवारी निकालात निघालेली! या तक्रारीत तथ्य आहे. परंतु तळघरातल्या त्या कारागिराचा हात ज्यांच्या वाट्याला कधी येणारच नव्हता, त्यांचे यात काय गेले? उलट त्यांना एक मोठी गोष्ट मिळाली. बशीच्या रंगावरून किंमत कळू लागली. खिशात किती आहे हे मनाशी मोजून माणूस चार बशा उचलतो किंवा दहा; कोणाला विचारावे लागत नाही, कोणी वरपासून खालपर्यंत न्याहाळत नाही. आमच्या मते शिराइशीच्या यंत्राची खरी कमाई ही आहे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतील बदल चिंता वाटावी असे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुशिरो या मोठ्या कंपनीने आपली सर्वांत स्वस्त बशी करासह ११० येनांवरून १२० येनांवर नेली. शहराच्या मध्यवर्ती भागात तर दर त्याहूनही चढा. येन घसरलेला, मासळी आणि वाहतूक महागलेली. तेव्हा ही वाढ समजण्यासारखी आहे. जानेवारी २०२३ मध्ये मात्र वेगळाच आघात झाला. एका तरुणाने दुकानातील सोया सॉसची बाटली चाटून त्याचे चित्रण प्रसृत केले आणि देशभर किळस पसरली. कंपनीने सुमारे पावणेसात कोटी येनांच्या भरपाईचा दावा लावला, तो पुढे तडजोडीने मिटला. पण अनेक दुकानांतून बशा मोकळ्या फिरणे थांबले. आता पडद्यावर बोट टेकवावे आणि मागितलेली बशी तेवढी समोर यावी, अशी व्यवस्था झाली. एकाच्या मस्तीपायी हजारो सभ्य गिऱ्हाइकांवरचा विश्वास काढून घेण्यात आला, असेच म्हणावे लागते. कुरा या कंपनीने झाकणाखालच्या बशा फिरत्या ठेवून वर कॅमेऱ्यांची नजर बसवली. हा मार्ग आम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

याच कुराने एप्रिल २०२४ मध्ये गिंझात आपली जागतिक शाखा थाटली. त्या वर्षी साडेतीन कोटींहून अधिक परदेशी प्रवासी जपानमध्ये आले, आणि स्वस्त येनाच्या जोरावर त्यांना तेथले सगळेच स्वस्त वाटते. गिंझाच्या कचेऱ्यांतून आणि दुकानांतून राबणाऱ्या माणसाचा पगार मात्र येनांतच होतो. भाडे चढे आहे, म्हणून दर थोडा चढा असावा, याला आमची हरकत नाही. परंतु प्रवाशाचा खिसा पाहून या वस्तीतले दर ठरू लागले, तर दुपारच्या सुट्टीत तेथे येणारा स्थानिक नोकरदार गुपचूप बाहेर पडेल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचा मुटका विकत घेऊन कचेरीतल्या मेजावर खाईल. कंपन्यांनी निदान दुपारच्या वेळी तरी, गिंझातही उपनगरातल्याच दराची एखादी बशी पट्ट्यावर ठेवावी.