दुःखाच्या घरी पाप शोधायला जाऊ नका



आजचे मनन आम्ही थोड्या रागाने लिहीत आहोत, आणि त्यातला बराचसा राग आमच्यावरच आहे. शेवटपर्यंत वाचा, मग आम्ही चुकत असू तर जरूर सांगा.

आमच्या कामरेजमध्ये मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची एक लहानशी प्रार्थनासभा आहे. कोणी नवापूर-नंदुरबारकडचे, कोणी धुळ्याचे. कोणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, कोणी हायवेवरच्या गोडाउनमध्ये हमालीला. हिवाळ्यात ऊसतोडीला आलेल्या कोयत्यांमधलीही काही माणसे रविवारी संध्याकाळी येऊन बसतात. या सभेत एक ताई होत्या. सतरंजी त्या अंथरायच्या, चहा त्या करायच्या, आजारी माणसाकडे सगळ्यांच्या आधी त्या पोहोचायच्या. त्यांचे पती रात्रपाळी करून घरी येत होते. हायवे ओलांडताना ट्रकने उडवले. जागीच गेले.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती. बाहेरगावचे एक सेवक आले होते. चांगले बोलणारे, पुष्कळ वचने पाठ असलेले. प्रार्थना झाल्यावर ते ताईंना म्हणाले, "बहिणी, देव कारणाशिवाय काही करत नाही. तुमच्या घरात शत्रूला कुठून तरी दार उघडे मिळाले. ते दार शोधा." पुढच्या आठवड्यात त्यांनी उपास सांगितला, आणि शाप तुटावा म्हणून देवाच्या कामात बी पेरायला सांगितले. पतीच्या शेठने दिलेल्या पैशांतून ताईंनी ते 'बी' दिले.

आणि आम्ही? आम्ही त्या खोलीत होतो. आमच्यापैकी दोघा-तिघांनी "आमेन" म्हटले. बाकीचे मान खाली घालून बसले. एकानेही तोंड उघडले नाही.

महिनाभराने ताई सभेला येईनाशा झाल्या, म्हणून आम्ही घरी गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी रोज शोधते. शेजारणीने दिवाळीत फराळाचे ताट दिले होते, ते मी परत केले नाही, त्यामुळे झाले का? एकदा ताप होता म्हणून रविवार चुकला होता, त्यामुळे का? यांनी सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला गावी पैसे पाठवले होते, त्यामुळे का?" पती गेल्याचे दुःख एका बाजूला राहिले होते. ती बाई महिनाभर स्वतःवरच खटला चालवत होती. आरोपीही तीच आणि वकीलही तीच. आणि तो खटला आपण, ख्रिस्ताच्या लोकांनी, तिच्यावर घातला होता.

म्हणून आज आम्ही स्पष्ट लिहितो. दुःखात पडलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याचे पाप शोधणे ही सुवार्ता नाही. प्रभू येशूने ही रीत आपल्या तोंडाने मोडून काढली आहे. तरीही आपण ती चालवत असू, तर पश्चात्तापाची गरज आधी आपल्याला आहे.

आता शास्त्र उघडू या.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे (योहान ९:१-३). म्हणजे पापी कोणीतरी आहेच, फक्त नाव तेवढे ठरायचे बाकी आहे. प्रभूने दोन्ही नावे खोडली. मग त्याने जमिनीवर थुंकून चिखल केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. शिष्यांना कारण हवे होते, प्रभूने काम हातात घेतले.

दुसरा प्रसंग लूक १३:१-५ मधला. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हाला वाटते का, असे प्रभूने स्वतःहून विचारले आणि स्वतःच 'नाही' म्हटले.

आम्हा कामरेजकरांना हा उतारा वाचताना सरथाणा आठवते. कामरेजहून वराछाच्या रस्त्याला लागले की वाटेत सरथाणा येते. तिथे २४ मे २०१९ रोजी दुपारी तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग चालू होता. धुराने कोंडलेल्या मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या. २२ जीव गेले, बहुतेक शिकणारी कोवळी मुले. ते दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिले आणि आजही ते डोळ्यांपुढून जात नाही.

त्या मुलांनी कोणते पाप केले होते? जी मुले त्या दिवशी क्लासला गेली नाहीत, ती काय जास्त पवित्र होती? असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? मग आपल्या ताईंसमोर ती कशी रेटली?

पाप तिथे होतेच, ते आम्ही नाकारत नाही. पण ते मेलेल्यांचे नव्हते. वरचा मजला बेकायदा चढवला होता. बाहेर पडायला धड वाट नव्हती. अग्निशमन दलाची शिडी वरपर्यंत पोहोचली नाही. हे सगळे दिसत असताना ज्यांनी डोळेझाक केली, त्यांच्याकडे बोट दाखवायला हवे. पण पाप शोधायची आपली हौस नेमकी उलट्या दिशेला जाते. ज्याच्या हातात सत्ता होती त्याच्या दारी आपण जात नाही. ज्याचे लेकरू गेले त्याच्या दारी मात्र वचने घेऊन उभे राहतो. ताईंच्या घरीही तेच झाले. अंधारात हायवे पायी ओलांडण्यावाचून गत्यंतर का नसावे, हे कोणी विचारले नाही. दिवाळीच्या फराळाची मात्र चौकशी झाली.

आता काही बंधू म्हणतील, "पण पापाचे फळ मिळतेच ना? माणूस जे पेरतो तेच कापतो, हे गलतीकरांस पत्रातच आहे." (गलती ६:७) खरे आहे. दारूने यकृत खराब होते. पण यकृत खराब झालेला प्रत्येक माणूस दारू पिणारा नसतो. बी पाहून पीक सांगता येते, पण दुसऱ्याच्या शेतातले जळालेले पीक पाहून त्याने बी वाईटच पेरले होते असे सांगता येत नाही. पाऊस पडला नसेल, रानडुकरे शिरली असतील, शेजाऱ्याने पाणी अडवले असेल. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या आपल्या लोकांना हे कोणी शिकवायला हवे का?

ईयोबाचे मित्र नेमके इथेच फसले. एलीफज, बिल्दद आणि सोफर यांची भाषणे वाचून पाहा. त्यांची कितीतरी वाक्ये आजही व्यासपीठावरून खपतील. देव न्यायी आहे, दुष्टाचा नाश होतो, पश्चात्ताप कर म्हणजे पुन्हा भरभराट होईल. पण शेवटी देवाचा राग ईयोबावर भडकला नाही, या मित्रांवर भडकला (ईयोब ४२:७-८). त्यांना सात बैल आणि सात एडके घेऊन ईयोबाकडे जावे लागले आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. म्हणजे देवाच्या बाजूने बोलतो असे समजणारे देवाविषयी चुकीचे बोलत होते. आणि ज्याने देवाशी भांडण मांडले, आपला जन्मदिवस शापला, त्याला देवाने 'माझा सेवक' म्हटले. दुःखात रडणाऱ्या, देवाला जाब विचारणाऱ्या माणसाला "विश्वास कमी पडला" असे म्हणण्याआधी हे पान दोनदा वाचा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले ते आपण वाचतो. ईयोबाला ते कधीच सांगितले गेले नाही. देव त्याच्याशी वावटळीतून बोलला, पण 'का' याचे उत्तर त्याला मिळाले नाही. मग पंधरा मिनिटांपूर्वी चप्पल काढून घरात आलेल्या पाहुण्याला ते कसे कळले?

"विश्वास असेल तर दुःख येत नाही, आजार टिकत नाही," असे शिकवणाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, पौलाचे काय करणार? त्याने तीनदा विनंती करूनही काटा काढला गेला नाही (२ करिंथ १२:७-९). तीमथ्याचे पोट वारंवार बिघडायचे (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला पौलाने आजारी अवस्थेतच मिलेतात ठेवले (२ तीमथ्य ४:२०). या सगळ्यांनी कुठले दार उघडे टाकले होते?

आणि वधस्तंभाचे काय? त्याखालून जाणाऱ्यांचे म्हणणे मत्तय २७:३९-४३ मध्ये पाहा. हा देवाचा पुत्र असेल तर खाली येईल, देवाला हा आवडत असेल तर देव याला सोडवील, असा त्यांचा हिशेब होता. दुःखात आहे म्हणजे देवाने टाकलेला आहे, हाच तो हिशेब. त्या हिशेबाने त्या दिवशी सर्वांत मोठा पापी आपला प्रभूच ठरला होता. हे शिक्षण घेऊन आपण गुड फ्रायडेला कोणत्या तोंडाने वधस्तंभापुढे उभे राहायचे?

आपल्याच घरातली एक साक्ष पाहू. पंडिता रमाबाईंना आपण आदराने आठवतो. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात, उपासमारीत गेले. त्यानंतर भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच १८८२ मध्ये पती पटकीने गेले, आणि पदरात तान्ही मनोरमा होती. तीच मनोरमा, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झालेली, १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. 'उघड्या दारा'चा हिशेब लावला तर रमाबाईंचे घर शापितच म्हणावे लागेल. म्हणाल का तसे?

याच रमाबाईंनी १९०० च्या दुष्काळात आपल्या या गुजरातेतून कितीतरी मुलींना केडगावला नेले. दुष्काळाने स्वतःचे घर रिकामे झालेल्या बाईने दुष्काळातल्या मुलींना घर दिले. त्या मुलींना त्यांनी तुमच्या बापाने काय पाप केले असे विचारत बसल्या असत्या, तर त्या वाचल्या असत्या का? आधी भाकरी, मग कपडे, मग अक्षर, असेच त्यांचे काम चालले.

सुरतेनेही हाच धडा शिकवला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांच्या काळात कचरा रोज उचलला जाऊ लागला, गटारे साफ झाली, आणि घाणीसाठी बदनाम असलेले शहर स्वच्छतेसाठी ओळखले जाऊ लागले. शिक्षा कोणाला झाली याची चर्चा करणाऱ्यांनी एक टोपलीही उचलली नसेल. ज्यांनी झाडू हातात घेतला, त्यांनी शहर सावरले.

आपले काही शेजारी दुःखाला 'भोग' म्हणतात. आपण त्यांना ख्रिस्ताची कृपा सांगायला जातो. पण आपल्याच मंडळीत 'भोग'ऐवजी 'शाप' म्हणून तोच हिशेब चालू राहणार असेल, तर आपण त्यांना वेगळे काय देणार आहोत?

मग चांगल्या माणसावर दुःख का येते? प्रियांनो, त्याचे सगळे उत्तर आमच्याकडे नाही, आणि आहे असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. आमच्याकडे एवढेच आहे की प्रभू लाजाराच्या कबरेपाशी रडला (योहान ११:३५). थोड्या वेळात तो त्याला उठवणार होता, तरी आधी रडला. मार्था आणि मरीया दोघींनीही त्याला म्हटले की तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. त्याने एकीलाही दटावले नाही. जो देव स्वतः जखमा घेऊन पुनरुत्थित झाला, तो आपल्या जखमा पाहून तोंड फिरवणार नाही, हा आमचा विश्वास आहे. त्या विश्वासावर आम्ही बरे होण्यासाठी प्रार्थनाही करतो आणि बरे झाले नाही तरी सोबत बसतो.

आमच्या सभेने आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. दुःखाच्या घरी प्रार्थना लहान असेल. तिथे कोणी कारण सांगणार नाही, आणि कोणी सांगू लागला, मग तो कितीही मोठा सेवक असो, तर आमच्यातला एक जण उठून त्याला थांबवील. दुःखाच्या घरातून दान घेतले जाणार नाही. पहिले सात दिवस दोन्ही वेळचा डबा आम्ही पोहोचवू. ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले होते, तेवढेच त्यांचे खरे सांत्वन. हॉस्पिटलमध्ये रात्रीची पाळी, आयुष्मान कार्डाची रांग, भरपाईचे कागद, मुलांची फी, यासाठी नावे वाटून घेतली आहेत. रडणाऱ्यांबरोबर रडण्याची आज्ञा (रोम १२:१५) आम्हाला अशीच पाळता येते.

आणि आम्ही ताईंच्या घरी पुन्हा गेलो. त्यांच्यासमोर सगळ्यांनी मिळून क्षमा मागितली. म्हटले, "ताई, त्या दिवशी तुमचे काही चुकले नव्हते. आम्ही गप्प बसलो, ते चुकले." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. सभेला त्या अजून आलेल्या नाहीत. आम्ही त्यांना 'या' असा आग्रह करत नाही. दर बुधवारी आम्हीच त्यांच्याकडे जातो.

हे प्रभू, ज्यांच्या दुःखावर आम्ही मीठ चोळले, त्यांची आम्हाला आठवण दे. जिथे बोलायला हवे होते तिथे आम्ही गप्प राहिलो आणि जिथे गप्प राहायला हवे होते तिथे बोललो, त्याची क्षमा कर. आमच्या जिभेला लगाम घाल आणि आमच्या हातांना काम दे. आमेन.